चौरस इंचाचा भाव

सप्टेंबर 2002 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात तय्यब मेहतांचं ‘सेलिब्रेशन’ हे तीन पटांचं चित्र 3 लाख 17 हजार 500 डॉलरला गेलं. रुपयांत दीड कोटी. आधुनिक भारतीय चित्रासाठी जाहीर लिलावात एवढे पैसे तोवर कुणी मोजले नव्हते. तय्यब तेव्हा अंधेरीच्या साध्या फ्लॅटमध्ये राहत होते. मोजकंच काम करायचे, मनासारखं उतरलं नाही तर कॅनव्हास नष्ट करायचे. विक्रीचे पैसे अर्थात त्या वेळच्या मालकाला मिळाले.

त्याआधी मुंबईतला चित्रांचा व्यवहार फोर्टातल्या चारदोन गॅलऱ्यांत ओळखीपाळखीने चालायचा. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड, फ्लोरा फाउंटनजवळ पुंडोले. होमी भाभांनी टीआयएफआर या संशोधन संस्थेसाठी चित्रं घेतली ती भिंतींसाठी. उद्या काय भाव येईल हा हिशेब त्यात नव्हता. 2002 नंतर मात्र हाच हिशेब आधी होऊ लागला. 2000 साली मुंबईत सुरू झालेल्या सॅफ्रनआर्ट या ऑनलाइन लिलावसंस्थेमुळे अमेरिकेतल्या अनिवासी भारतीयाला घरबसल्या बोली लावता येत होती. त्याच्याकडे डॉलर होते आणि मायदेशाची ओढ होती. इकडे शेअर बाजार वर चढत होता आणि त्यातून सुटलेला पैसा नवी जागा शोधत होता. 2005 मध्ये तय्यब मेहतांचाच ‘महिषासुर’ 15 लाख डॉलरच्या पुढे गेला, आणि मग कुणालाच थांबावंसं वाटेना.

याच दिवसांत चित्राचा भाव चौरस इंचावर सांगायची पद्धत रूढ झाली. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. मुंबईकराला चौरस फुटाचा भाव पाठ असतोच. दलालांनी तोच मापदंड कॅनव्हासवर आणला. हुसेन इतके, सूझा इतके, अमुक तरुण पोरगा इतके. ओशियान्स या मुंबईच्या संस्थेने तर चित्रकारांच्या दरांचा निर्देशांकच काढला आणि तो अर्थविषयक वर्तमानपत्रात छापून येऊ लागला. एकदा चौरस इंच आला की चित्रकाराचं ऐन भरातलं काम आणि उतारवयात घाईने उरकलेलं काम एकाच तागडीत पडतं. चित्र पाहायची गरजच उरत नाही. सही आणि टेप पुरते.

2006 मध्ये ओशियान्सने आर्ट फंड काढला आणि लोकांकडून सुमारे 102 कोटी रुपये गोळा केले. मुदत तीन वर्षं. ग्रँट रोडच्या मिनर्व्हा थिएटरच्या जागी, जिथे ‘शोले’ पाच वर्षं चालला तिथे, चित्रं आणि सिनेमाचं भव्य संकुल उभारायचा संस्थेचा बेत होता. कल्पना वाईट नव्हती, आणि संस्थेचा संग्रहही खरोखर मोठा होता. अडचण होती ती कागदावर. म्युच्युअल फंडातल्या शेअरचा भाव रोज संध्याकाळी बाजार ठरवतो. चित्राचा भाव वर्षातून एखाददुसऱ्या लिलावात, तेही दुसऱ्याच चित्रावरून, अंदाजाने लावायचा. फेब्रुवारी 2008 मध्ये सेबीने बजावलं की असे फंड म्हणजे सामूहिक गुंतवणूक योजना असून त्यांना नोंदणी लागते. पण तेजीत नोटिसा वाचतं कोण?

जून 2008 मध्ये लंडनला सूझांचं ‘बर्थ’ हे चित्र साडेबारा लाख पौंडांच्या वर गेलं. पुढे तीन महिन्यांत, 15 सप्टेंबरला, लीमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली. त्याच दिवशी लंडनमध्ये डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताच्या कामांचा खास लिलाव सुरू झाला आणि दोन दिवसांत 11 कोटी पौंडांवर गेला. तेजीचा तो शेवटचा मुजरा. नंतर आपल्याकडच्या लिलावांत किमान बोलीसुद्धा न मिळता चित्रं परत जाऊ लागली. शेअर पडला तरी पडलेल्या भावात विकता येतो; इथे गिऱ्हाईकच नाहीसं झालं. ओशियान्सच्या फंडाची मुदत 2009 मध्ये संपली तेव्हा गुंतवणूकदारांना पैसे वेळेवर मिळाले नाहीत, आणि 2013 मध्ये सेबीने योजना गुंडाळून पैसे परत करायचा आदेश दिला. मिनर्व्हाचं संकुल झालंच नाही.

तेजीने नकलाही पिकवल्या होत्या. जानेवारी 2009 मध्ये दिल्लीतल्या एका गॅलरीत आपल्या जुन्या कामांच्या प्रदर्शनाला सय्यद हैदर रझा स्वतः गेले, आणि भिंतीवरची बहुतेक चित्रं आपली नव्हेतच, असं त्यांच्या लक्षात आलं.

पण सगळंच बुडालं असं नाही. रझांचं ‘सौराष्ट्र’ 2010 मध्ये 16 कोटींवर गेलं. डिसेंबर 2013 मध्ये क्रिस्टीजने मुंबईत, ताजमध्ये, भारतातला पहिला लिलाव केला तेव्हा वासुदेव गायतोंड्यांचं चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं; गायतोंडे 2001 मध्येच, जवळजवळ विस्मृतीत वारले होते. ‘बर्थ’ 2015 मध्ये 40 लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. या मंडळींचं काम मोजकं, नवीन येणार नाही. हात पोळले ते ऐन तेजीत तिशी-चाळिशीतल्या चित्रकारांची ताजी चित्रं उचलणाऱ्यांचे. त्या चित्रकारांचंही नुकसान झालं. एकदा लिलावात पडलेल्या नावाकडे गॅलऱ्या सहसा वळत नाहीत, मग काम कितीही सुधारो.

कायद्याने चित्रकाराचा विचार केला होता, बरं का. 1994 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात 53अ हे कलम आलं. मूळ चित्र 10 हजारांवर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना 10 टक्क्यांपर्यंत वाटा. तेजीच्या गप्पांत हे कलम कधी कुणाच्या तोंडी आलं नाही.

त्या काळातला सर्वांत गाजलेला सौदा 2004 चा. मुंबईच्या एका उद्योजकाने हुसेन यांच्याकडून 100 चित्रं 100 कोटींना घ्यायचं ठरवलं. 25 चित्रं हाती आली, पुढचा सौदा फिसकटला, आणि कर्जाच्या थकबाकीपायी ती चित्रं जप्त होऊन कुलूपबंद राहिली. जून 2025 मध्ये न्यायालयाच्या परवानगीने पुंडोलेंनी मुंबईत त्यांचा लिलाव केला. सगळी खपली, 60 कोटींहून जास्त आले. चित्रामागे एक कोटी धरला तर 25 कोटींचे वीस वर्षांत एवढे. साध्या मुदत ठेवीने याहून जास्त दिले असते.