नीतिमान ‘ठरणे’ म्हणजे नेमके काय?

मराठी बायबलमध्ये माणूस देवापुढे नीतिमान ‘होत’ नाही, ‘ठरतो’. क्रियापद साधं आहे, पण सगळा मुद्दा त्यातच आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात वापरलेला ग्रीक शब्द न्यायदानातला. न्यायाधीश निर्दोष ठरवतो तेव्हा आरोपीचा स्वभाव पालटत नाही, निकाल लागतो.

पण आरोपी खरोखरच दोषी असला तर? त्याला मोकळा सोडणारा न्यायाधीश लबाडच म्हणायचा. ही अडचण पौल टाळत नाही. दोषाची किंमत ख्रिस्ताने क्रुसावर चुकती केली, म्हणून देव पाप्याला नीतिमान ठरवूनही स्वतः न्यायी राहतो, असं तो म्हणतो.

चौथ्या अध्यायात तो हिशेबाची भाषा धरतो. मजुराला मिळते ती मजुरी. तिला कोणी उपकार म्हणत नाही. अब्राहामाच्या नावावर मात्र न कमावलेलं नीतिमत्त्व जमा झालं, ते त्याने देवाच्या शब्दावर विश्वास ठेवला म्हणून. आणि कधी? उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात. त्याची सुंता होते 17व्या अध्यायात, वयाच्या 99व्या वर्षी. मधल्या 16व्या अध्यायात त्याचा मुलगा इश्माएल जन्मतो तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा आहे. म्हणजे सुंतेच्या विधीच्या निदान 13 वर्षं आधीच निकाल लागला होता, विधीमुळे नव्हे! जुन्या कागदातल्या क्रमावरून खटला जिंकणाऱ्या वकिलासारखा हा युक्तिवाद आहे.

विश्वास हीसुद्धा कमाई नव्हे, नाहीतर तीही मजुरीच झाली असती. तो नुसता पुढे केलेला हात.

1522 च्या जर्मन भाषांतरात धर्मसुधारक लूथरने याच पत्रात विश्वासाच्या जोडीला ‘केवळ’ हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही, आणि त्यावरून त्याने बोलणी खाल्ली. पौलाच्या त्या न्यायदानातल्या शब्दासाठी लॅटिन बायबलमध्ये जो शब्द आहे, त्यात मात्र ‘करणे’ दडलेलं आहे. 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने कॅथलिक बाजू मांडली: कृपा पापांची क्षमा तर करतेच, शिवाय माणसाला आतून नीतिमान करते.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात मात्र तोच अब्राहाम कृत्यांनी नीतिमान ठरतो. पण याकोबाच्या डोळ्यांपुढे आहे उत्पत्तीचा 22वा अध्याय, वेदीवरचा अब्राहामाचा मुलगा इसहाक. तोवर 15व्या अध्यायातला निकाल जुना झालेला असतो.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग इथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. ‘ठरणे’ आणि ‘करणे’ यांवरची चर्चा त्यानंतरही चालूच आहे.