नोड-रेड शिकूया, भाग 6 : हौदाचा मेल

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हौद म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. जायकवाडीचे पाणी पैठणहून उपसून शहरात येते, पण घरच्या नळाला ते रोज येत नाही. काही दिवसांआड येते, कधी पहाटे, कधी भर दुपारी. त्यामुळे नळ चालू असतानाच हौदातले पाणी मोटारीने गच्चीवरच्या टाक्यांत चढवले, तर हौद पुन्हा भरून घेता येतो. ही वेळ चुकली की पुढच्या पाळीपर्यंत टँकर. आमच्या सोसायटीत हौद भरत आल्याचे वेळेवर कळणे म्हणूनच मोलाचे.

मागच्या भागात आपण हौदाच्या झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला. रास्पबेरी पायवरच्या नोड-रेडमध्ये दर 10 सेकंदांनी पातळीचा आकडा येऊ लागला. आज तो मेलने घरोघरी पोचवू.

मेन्यूतल्या मॅनेज पॅलेटमध्ये ‘ईमेल’ शोधून नोड-रेड-नोड-ईमेल बसवा. त्यातले दोन नोड आपल्याला लागतील, एक पाठवणारा आणि एक घेणारा. पाठवणाऱ्याला तीनच गोष्टी लागतात. संदेशातला टॉपिक हा मेलचा विषय होतो, पेलोड हा मजकूर, आणि पत्त्याचा रकाना कोरा ठेवलात तर संदेशातला ‘टू’ हा पत्ता. जीमेल वापरत असाल तर एसएमटीपी सर्व्हर, पोर्ट 465, आणि नेहमीच्या पासवर्डाऐवजी ॲप पासवर्ड. 2022 च्या मे महिन्यानंतर साधा पासवर्ड तिथे चालत नाही. आधी दुहेरी पडताळणी चालू करा, मग 16 अक्षरी ॲप पासवर्ड मिळतो. त्यासाठी वेगळे खाते काढा, घरचे वापरू नका.

इथवर दहा मिनिटांचे काम. खरे काम यापुढे आहे, आणि ते मी चुकून शिकलो.

‘पातळी 80 टक्क्यांच्या वर’ एवढी अट स्विच नोडमध्ये घालून मी तार थेट ईमेल नोडला जोडली होती. रात्री पाणी आले, हौद भरला आणि भरलेलाच राहिला. दर 10 सेकंदांनी एक, म्हणजे तासाला 360 मेल. जीमेलच्या साध्या खात्याची दिवसाची मर्यादा 500 ची, म्हणजे दीड तासाच्या आतच कोटा संपतो. त्याहून मोठे नुकसान सकाळी झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो पत्ता थेट स्पॅममध्ये टाकला. पुढच्या पाळीचा खरा मेल त्यांनी पाहिलाच नाही.

म्हणून मधे फिल्टर नोड हवा. किंमत बदलली तरच तो संदेश पुढे सोडतो. ‘भरत आला’ आणि ‘अजून जागा आहे’ अशा दोनच अवस्था त्याला द्या, आकडे देऊ नका. तरीही एक अडचण उरते. पाइपातून धो धो पडणाऱ्या पाण्याने हौदाचा पृष्ठभाग हलतो आणि सेन्सर 79, 81, 80, 78 असे सांगत राहतो. अवस्था प्रत्येक वेळी पालटते आणि मेल पुन्हा सुटतात. उपाय दोन खुणांचा. 80 च्या वर गेले की ‘भरत आला’, पण तो शिक्का निघेल पातळी 60 च्या खाली उतरल्यावरच. मधल्या वीस टक्क्यांत कितीही लाटा उठोत, मेल एकच जातो. हे फंक्शन नोडमध्ये पाच-सहा ओळींत होते. आधीची अवस्था कॉन्टेक्स्टमध्ये जपून ठेवायची, बस.

मलिक अंबराच्या काळापासून या शहरात नहरींचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आले. नुसता नळ टाकून ते भागले नाही. वाटेत जागोजागी बंबे, म्हणजे पाण्याचे मनोरे, बांधावे लागले. फ्लो मांडताना मला ते बंबे आठवतात. दोन नोडमधली तार सोपी असते, अक्कल मधल्या थांब्यात लागते.

आता उलटी दिशा. मेल घेणारा नोड आयमॅपने पेटी उघडून पाहतो, न सांगितल्यास दर 300 सेकंदांनी. आलेल्या मेलचा विषय टॉपिकमध्ये, मजकूर पेलोडमध्ये, पाठवणारा ‘फ्रॉम’मध्ये मिळतो. कोणी ‘हौद’ या विषयाचा मेल केला की ‘फ्रॉम’ उचलून ‘टू’मध्ये ठेवायचा, पेलोडात ताजी पातळी घालायची आणि पाठवणाऱ्या नोडला द्यायची. पुण्याला गेलेल्या सेक्रेटरींनाही पातळी कळते.

मात्र स्विचमध्ये विषय ‘हौद’शी तंतोतंत जुळला पाहिजे, ‘हौद असलेला’ अशी सैल अट नको. कोणी रजेवर जाताना स्वयंचलित उत्तर लावले असेल, तर आपल्या मेलला त्याचे उत्तर येते, त्याच्या विषयातही ‘हौद’ असतो, त्याला आपण पुन्हा उत्तर देतो, आणि दोन यंत्रे रात्रभर बोलत बसतात.

मेलवरूनच मोटार चालू-बंद का करू नये, असे काही वाचक विचारतील. करू नका. मेलवरचे पाठवणाऱ्याचे नाव खोटे घालता येते आणि रिकाम्या हौदावर चाललेली मोटार जळते. मेल खबर देण्यासाठी ठेवा, मोटारीचे बटण माणसाच्या हाती असू द्या.

शेवटचा नोड विसरू नका. वीज गेली, इंटरनेट गेले तर हौद गप्प होतो, आणि पाणी आले नाही म्हणून गप्प आहे की यंत्र बंद आहे, हे बाहेरून कळत नाही. म्हणून इंजेक्ट नोडला रोज सकाळी 7 ची वेळ द्या आणि ‘मी चालू आहे’ एवढाच मेल पाठवा. सव्वासातपर्यंत तो आला नाही, तर कोणीतरी खाली उतरून झाकण उघडून पाहा.