माणसे वाढली, धरण तेवढेच

उन्हाळ्यात पुण्यातल्या कर्वेनगरच्या गल्लीत टँकर उभा असतो आणि त्याचा पाइप सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत सोडलेला असतो. महर्षी कर्व्यांनी 1900 साली हिंगण्यात, म्हणजे आजच्या कर्वेनगरात, झोपडी बांधली, तेव्हा हा भाग शेताशिवाराचा होता. आज एका बंगल्याच्या जागी बारा-पंधरा फ्लॅट उभे राहतात.

पुणे शहराची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 25 लाख होती, ती 2011 मध्ये 31 लाखांवर गेली. माणशी रोज 135 लिटर धरले, तर दहा लाख नव्या रहिवाशांना वर्षाला पावणेदोन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जादा लागते. शहराला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे मिळून साठवण मात्र सुमारे 29 टीएमसीच आहे.

याच धरणांचा कालवा पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या तालुक्यांत पाऊस बेताचाच. शहराने जादा पाणी उचलले की तिथले आवर्तन लांबते आणि उभे पीक सुकते. बोअर हाही पक्का उपाय नव्हे. इथला बेसाल्ट खडक पाणी मुख्यतः भेगांत साठवतो, शिवाय काँक्रीटमुळे मुरणेही घटते.

वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. ते शुद्ध करून मुंढव्याहून शेतीच्या कालव्यात सोडण्याची सोय आहे. ती पूर्ण क्षमतेने चालवावी, गळती थांबवावी आणि पाण्याचा हिशेब मांडूनच नव्या इमारतींना परवानगी द्यावी.