पोथी, जागरण आणि मालिका

(बी. ए. द्वितीय वर्ष)

नांदेडहून लातूरकडे निघाले की लोह्याच्या पुढे माळेगाव लागते. मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथे खंडोबाची यात्रा भरते; घोडे, गाढवे, लाल कंधारी बैल यांनी सारा माळ फुलून जातो. आमचे गाव तेथून जवळच, अहमदपूर तालुक्यात. माझे आजोबा वाघ्या आहेत. खंडोबाची कथा मी प्रथम त्यांच्या दिमडीवर ऐकली, पुढे शाळेत असताना झी मराठीवरील ‘जय मल्हार’ मालिकेत पाहिली, आणि कॉलेजात आल्यावर तिच्या पोथीविषयी वाचले. तिन्ही कथा एकच आहेत असे म्हणवत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका लग्नघरी जागरण होते. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव बारा वर्षे घर सोडतो, चंदनपुरीला बाणाईच्या घरी मेंढरे राखतो, हा भाग आजोबा सांगत होते. तोच समोरचा एक पोरगा म्हणाला, “आबा, टीव्हीत असं नव्हतं.” मंडळी हसली. आजोबाही हसले, पण घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

मग ‘असं’ म्हणजे कसं? पोथी पाहावी तर ‘मल्हारी माहात्म्य’ स्वतःला ब्रह्मांडपुराणातील भाग म्हणवते, परंतु त्या पुराणाच्या रूढ आवृत्त्यांत ते सापडत नाही. तिचा भर मणी आणि मल्ल या दैत्यांच्या वधावर आहे. मरताना मणी शरण येतो आणि आपला घोडा देवाला देतो. बाणाई मात्र वाढली ती धनगरांच्या ओव्यांत आणि वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. दोघी सवतींचे भांडण रंगले की बायका तोंडाला पदर लावून हसतात.

मालिकावाल्यांना नेमके हेच हवे असावे. कोठारे व्हिजनची ही मालिका २०१४ ते २०१७ अशी जवळजवळ तीन वर्षे चालली. अर्ध्या तासातून जाहिराती वगळल्या की वीस-बावीस मिनिटे उरतात, आणि उद्या प्रेक्षकाने पुन्हा बसावे म्हणून शेवटी काहीतरी अडवून ठेवावे लागते. दैत्य एकदा मेला की मेला. त्याचे युद्ध किती दिवस दाखवणार? दोन बायकांचा संसार मात्र रोज नवा. म्हणजे मालिकेने जागरणाचीच बाजू उचलली, पोथीची नव्हे! आजोबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना बरे वाटले.

कथा बदलली म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागरांचे ‘रामायण’ सुरू झाले. (आम्ही ते २०२० च्या टाळेबंदीत पाहिले.) त्याच्या आरंभी आधारग्रंथांची नावे येतात. त्यांत वाल्मीकी आणि तुलसीदास आहेत, तसेच आमच्या मराठवाड्यातील पैठणच्या एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ही आहे. नाथांनी तरी काय केले? संस्कृतातली कथा आपल्या लोकांसाठी आपल्या बोलीत पुन्हा सांगितली.

फरक मला दुसरीकडे दिसतो. आजोबा समोरची माणसे पाहून कथा लांबवतात किंवा आखडतात. पलीकडच्या गावचा वाघ्या तीच कथा निराळी सांगतो, आणि दोघांनाही त्याचे काही वाटत नाही. दूरचित्रवाणी मात्र सर्वांना एकाच संध्याकाळी एकच कथा सांगते आणि देवाला एक चेहराही देते. मग जे पडद्यावर नाही ते नाहीच, असे होऊ लागते. १९८८ साली उत्तरकांड न दाखवताच ‘रामायण’ संपणार असे कळले तेव्हा उत्तर भारतात सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकींना आपला आद्यपुरुष मानणारा तो समाज; लव-कुशांना सांभाळणारे वाल्मीकी पडद्यावर यावेत, हा त्यांचा हट्ट होता. पुढे तो भाग दाखवावा लागला. मला तो हट्ट मुळीच वेडगळ वाटत नाही.

गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या, हे वाचल्यावर मीही गेल्या चंपाषष्ठीला मोबाईलवर आजोबांचे जागरण टिपले. पहाटेपर्यंत दोनदा चार्जिंग संपले. सकाळी त्यांना ऐकवले तर एका प्रसंगापाशी ते चक्क मालिकेतल्यासारखे बोलत होते. मी तसे म्हटल्यावर ते म्हणाले, “लोकाला आवडतंय, मग घेतलं. त्यात काय बिघडलं?” आणि थोड्या वेळाने, “पुढच्या बारीला मी निराळंच सांगीन. ते बी भरून घेशील का रं?”

मी हो म्हणालो आहे. माघात एक जागरण ठरले आहे. तोवर मोठ्या मेमरीचे कार्ड घ्यायचे आहे.