तुरुंगात परिचारिका का टिकत नाहीत?

कैद्याला आपला दवाखाना निवडता येत नाही. पहिली तपासणी, रोजच्या गोळ्या, इन्सुलिन, मध्यरात्री छातीत दुखू लागले तर घ्यायचा निर्णय, हे सारे बहुधा परिचारिकेच्याच हाती असते. तिची जागा रिकामी राहिली की उपचार अडतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हे भीषण रूपात दिसले. दर सहा-सात दिवसांनी सरासरी एक कैदी टाळता येण्याजोग्या कारणाने मरतो, असे न्यायाधीश थेल्टन हेंडरसन यांनी २००५ मध्ये नोंदवले. २००६ मध्ये न्यायालयाने तुरुंगांची आरोग्यसेवा राज्य सरकारकडून काढून स्वतः नेमलेल्या प्रशासकाकडे, म्हणजे रिसीव्हरकडे, सोपवली. तुरुंगांतील गर्दीविषयीच्या खटल्याच्या वेळी नर्स प्रॅक्टिशनरच्या ३९ टक्क्यांपर्यंत जागा रिक्त होत्या, अशी नोंद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे.

कारणे सरळ आहेत. अनेक तुरुंग शहरांपासून दूर आहेत. बाहेरची रुग्णालये जास्त पगार देत असतील, तर या जोखमीच्या कामाला कोण येणार? मग असलेल्यांवर ओव्हरटाइम लादला जातो, थकून त्याही नोकरी सोडतात आणि एजन्सीकडून महागड्या परिचारिका बोलवाव्या लागतात.

रिसीव्हरने राज्याच्या वेतननियमांतून सूट मिळवून पगार वाढवले. पण खच्चून भरलेल्या तुरुंगात तपासणीला जागाच नसते, म्हणून कैद्यांची संख्या रचनाक्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेशही २०११ च्या त्याच निकालात कायम झाला. कैद्याचा उपचाराचा हक्क खरा करायचा असेल, तर परिचारिकेच्या पगाराची तरतूद अंदाजपत्रकात आधी व्हायला हवी.