विस्तवाजवळची साक्ष

वसंतसंपातानंतर चर्चच्या गणनेप्रमाणे जी पौर्णिमा येते, तिच्या पुढील पहिला रविवार म्हणजे ईस्टर. सूर्य आणि चंद्र या दोहोंकडे पाहून सण ठरविण्याची ही रीत पंचांग मानणाऱ्या घरांना परकी वाटू नये. शुक्रवारी क्रूसावर प्राण सोडलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी पहाटे कबरीतून उठला, ही या सणाची श्रद्धा. एवढी कथा बहुतेकांस ठाऊक असते. परंतु त्या पहाटेनंतर काय घडले? मूठभर भयभीत माणसांच्या हातून एवढे कार्य कसे उभे राहिले? हा उत्तररंगच आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

या उत्तररंगाचा नायक पेत्र. गालीलच्या सरोवरावरील हा कोळी बारा शिष्यांत अग्रणी होता. काही झाले तरी गुरूची साथ सोडणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा. त्याच रात्री गुरूला बांधून महायाजकाच्या वाड्यात नेले. थंडी पडली होती. अंगणात नोकरांनी कोळशांचा विस्तव केला होता आणि पेत्रही त्यांच्यात उभा राहून शेकत होता. त्या रात्री, तू त्याच्याच शिष्यांपैकी ना, असे त्याला तीनदा विचारले गेले. तिन्ही वेळा त्याने नाकारले. तोच कोंबडा आरवला.

पुढे कबर रिकामी सापडली. उठलेल्या ख्रिस्ताचे पहिले दर्शन मग्दालाच्या मरियेला झाले, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. स्त्रियांनी आणलेली ती वार्ता शिष्यांना प्रथम भ्रमच वाटली, असे लूक लिहितो. दारे आतून लावून बसलेल्या त्या मंडळींना पुढे स्वतःलाच दर्शन घडले. तरीही पेत्राच्या उरातील शल्य कोण काढणार?

योहानाने तो प्रसंग अखेरच्या अध्यायात सांगितला आहे. तिबिर्याच्या सरोवरावर शिष्यांनी रात्रभर जाळे टाकले, पण हाती काही लागले नाही. पहाटे तीरावर कोणी उभा दिसला. त्याच्या सांगण्यावरून जाळे पुन्हा टाकले, तो एकशे त्रेपन्न मोठे मासे आले. गुरूची ओळख पटताच पेत्राने पाण्यात उडी घेतली. तीरावर येऊन पाहतात तो कोळशांचा विस्तव, त्यावर मासे आणि जवळ भाकर!

मूळ ग्रीक ग्रंथाकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. कोळशांच्या विस्तवाला तेथे ‘अँथ्राकिया’ असा शब्द आहे, आणि साऱ्या नव्या करारात तो दोनच स्थळी येतो : महायाजकाच्या अंगणात आणि या तीरावर. जेथे पाऊल घसरले, त्याच विस्तवापाशी जणू पेत्राला पुन्हा आणून उभे केले आहे. न्याहारीनंतर गुरूने त्याला तीन वेळा एकच विचारले : तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? तीन नकारांसाठी तीन प्रश्न. झाल्या प्रकाराचा जाब नाही, दोषाचा उच्चार नाही. प्रत्येक उत्तरानंतर मात्र एक काम सोपविले : माझ्या मेंढरांचा सांभाळ कर. आमच्या अल्पमतीप्रमाणे ख्रिस्ती कार्याचे बीज येथे आहे. हे कार्य निष्कलंक माणसाकडे सोपविलेले नाही. क्षमा पावलेल्याकडे सोपविले आहे.

या कार्यकर्त्यांना ग्रीक भाषेत ‘अपोस्तोलोस’ म्हणतात, म्हणजे पाठविलेला. मराठीतील ‘प्रेषित’ हा त्याचा नेमका प्रतिशब्द. त्यांचे काम साक्ष देण्याचे. पाणिनीने ‘साक्षी’ हा शब्द साक्षात पाहणारा या अर्थी सिद्ध केला आहे. ग्रीक ‘मार्तिस’ म्हणजेही साक्षीदारच. परंतु साक्षीपायी इतक्यांचे प्राण गेले की, पुढे त्याच शब्दाला हुतात्मा असा अर्थ आला.

पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात नाना देशींचे यात्रेकरू जमले असता प्रेषितांचे बोलणे प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो. दासीपुढे गडबडलेला पेत्र त्या दिवशी भर समुदायात उभा राहिला, आणि सुमारे तीन हजार लोकांनी बाप्तिस्मा घेतला. विधवांना रोजचे अन्न नीट पोहोचावे म्हणून सात जण नेमले गेले. त्यांतील स्तेफन दगडांच्या माऱ्यात मेला. पेत्राने कैसरियात कर्नेल्य या परजातीय रोमी शतपतीच्या घरी पाऊल टाकले, आणि यहुदी नसलेल्यांसाठीही दार उघडले. अखेरीस नीरो बादशहाच्या काळी रोममध्ये त्याला क्रूसावर मरण आले, अशी परंपरा आहे.

आपापल्या भाषेत ऐकू येण्याचा तो प्रकार मराठीच्या वाट्यालाही आला. इ. स. १५७९ मध्ये गोमंतकात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. परंतु त्याच भूमीवर १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प काळ वगळता, इन्क्विझिशनचा अंमल होता, हेही आम्ही लपविणार नाही. तीरावर ज्याच्या हाती काम दिले, त्याच्या हाती सत्तेचा दंड दिला नव्हता. प्रेम आहे काय, एवढेच विचारले होते. राजदंड हाती आला, तेव्हा तो प्रश्न विसरला गेला. मेंढरे सांभाळणे निराळे आणि हाकणे निराळे, हा भेद कोणत्याही धर्मकार्याने विसरू नये.

ईस्टरच्या आदल्या रात्री वसईत, गोमंतकात, जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवितात, त्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्या ज्योतीवर प्रत्येक जण आपापली लावून घेतो. त्या रात्री शेजारच्या चर्चच्या अंगणात तो अग्नी दिसला, तर वाचकहो, तीरावरचा विस्तव आठवावा आणि त्याच्या उजेडात मान खाली घालून उभा असलेला तो कोळीही.