क्लेम टाकावा की खिशातून भरावं?

सावद्याहून एकीकडे फैजपूर-यावल आणि दुसरीकडे रावेर-बऱ्हाणपूर असा जाणारा रस्ता केळीच्या हंगामात ट्रकांनी भरलेला असतो. घड भरायला आडवा लावलेला ट्रक, ट्रॉली मागे घेणारा ट्रॅक्टर, मधूनच घुसणाऱ्या दुचाक्या. अशा रस्त्यावर कारच्या दाराला ओरखडा पडतो, बंपर चेपतो, पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा काचेवर बसतो. गाडी उभी केली की आजूबाजूचे चार जण हमखास एकच सल्ला देतात : फुल इन्शुरन्स आहे ना, मग टाक क्लेम!

रावेर-यावल पट्ट्यात हा सल्ला एवढ्या सहज का दिला जातो, हे समजण्यासारखं आहे. इथल्या घरांना विमा ओळखीचा झाला तो केळीमुळे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात एखाद्या शेतकऱ्याने भरपाई घेतली म्हणून त्याचा एकट्याचा हप्ता पुढच्या वर्षी वाढत नाही, आणि घेतली नाही म्हणून त्याला सवलतही मिळत नाही. तिथे हक्काची भरपाई सोडून देणं हे नुकसानच आहे. मोटार विम्याची रचना मात्र वेगळी आहे. इथे न मागितलेल्या भरपाईलाही किंमत असते, ती पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हातात पडते आणि बहुतेकांना ती किती आहे हे माहीत नसतं. म्हणून छोट्या नुकसानाचा निर्णय सवयीने घेऊ नये. कागद-पेन घेऊन दहा मिनिटं बसावं.

‘फुल इन्शुरन्स आहे, म्हणजे पूर्ण बिल कंपनी भरेल’

नाही. आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो त्यात दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा किंवा नुकसान. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा भाग सक्तीचा आहे. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला कंपन्या ओन डॅमेज म्हणतात. ओरखड्याचा सगळा हिशेब या दुसऱ्या भागातला.

या भागात बिलाला आधी घसाऱ्याची कात्री लागते. प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर आणि बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात. फायबरचे भाग असतील तर ३० टक्के कापले जातात. पत्र्याच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे कात्री : पहिल्या सहा महिन्यांत काहीच नाही, दुसऱ्या वर्षात १० टक्के, पाचव्या वर्षात ३५ टक्के, दहा वर्षांपुढे ५०. काचेला घसारा नाही. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम रंगाची धरतात आणि तिच्यातली निम्मी कापतात. हे सगळं झाल्यावर सक्तीची वजावट येते. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये, त्यावरच्या इंजिनाला २,००० रुपये. पॉलिसी स्वस्त पडावी म्हणून कोणी आपणहून जादा वजावट स्वीकारली असेल, तर तीही यात मिळते. ऑनलाइन पॉलिसी घेताना असा पर्याय निवडलेला पुष्कळांच्या लक्षातही नसतो, तेव्हा पॉलिसीच्या पहिल्या पानावर तो आकडा बघून घ्यावा.

झिरो डेपचं जादा संरक्षण घेतलं असेल तर घसाऱ्याची कात्री टळते, सक्तीची वजावट टळत नाही. शिवाय झिरो डेपचे क्लेम वर्षाला किती, यावर बहुतेक कंपन्या मर्यादा घालतात, बरेचदा दोन.

‘क्लेम घेतला तर काय, थोडा बोनस जाईल’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे. नो क्लेम बोनस, ज्याला एजंट एनसीबी म्हणतात, पायरीपायरीने वाढतो : एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. हे कोष्टक २००२ च्या मोटार टॅरिफमधलं आहे. २००७ पासून ओन डॅमेजचे दर प्रत्येक कंपनी आपापले ठरवू लागली, पण बोनसच्या पायऱ्या त्याच राहिल्या. खाली येताना मात्र पायऱ्या नाहीत. ओन डॅमेजचा एक क्लेम झाला की बोनस थेट शून्य, मग तो क्लेम चार हजारांचा असो की चार लाखांचा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. ते खोडून तुमच्या पॉलिसीतले घाला. १५०० सीसीच्या आतली कार, पाचवं वर्ष चालू, आधीची चार वर्षं क्लेम नाही, म्हणून सध्या ४५ टक्के बोनस. बोनस कापण्याआधीचा ओन डॅमेजचा प्रीमियम १०,००० रुपये. मागचा बंपर फुटला आणि भुसावळच्या वर्कशॉपने सांगितलं : बंपर ४,०००, रंग ३,५००, मजुरी १,५००. एकूण ९,०००, कर त्यातच.

कंपनी काय देईल? बंपर प्लास्टिकचा, त्याचे २,०००. रंगातून सुमारे ४४० कापून ३,०६०. मजुरी पूर्ण १,५००. झाले ६,५६०. त्यातून सक्तीची वजावट १,०००. हातात ५,५६०.

आता जाणारी रक्कम. क्लेम टाकला नसता तर पुढच्या वर्षी बोनस ५० टक्के झाला असता आणि ५,००० रुपयांत काम भागलं असतं. क्लेममुळे पूर्ण १०,००० भरावे लागतील. फरक ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. मिळालेले ५,५६० पहिल्याच नूतनीकरणात परत गेले. आणि तोटा तिथे थांबत नाही. त्यापुढच्या वर्षांत ५० ऐवजी २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढत यावं लागतं. प्रीमियम तेवढाच धरला तर पाच वर्षांचा फरक करासह १४,७५० रुपये होतो. गाडीची किंमत घटते तसा मूळ प्रीमियम उतरतो, त्यामुळे खरा आकडा याहून कमी येईल, पण दहा हजारांच्या वरच राहील. साडेपाच हजार घेण्यासाठी दहा हजारांवर सोडायचे, असा हा व्यवहार आहे.

तीच कार पहिल्याच वर्षात असती तर गणित पालटतं. तेव्हा गमवायला फक्त पुढचे २० टक्के असतात. पुढच्या पायऱ्या एकेक वर्ष उशिरा येतात एवढंच. पाच वर्षांत मिळून एका वर्षाच्या मूळ प्रीमियमच्या निम्मं जातं, पहिल्या उदाहरणात ते सव्वा पट होतं. शिवाय नव्या गाडीला पत्र्याचा घसारा नगण्य. म्हणून शेजाऱ्याने क्लेम घेतला हे कारण तुमच्या कामाचं नाही. त्याची गाडी नवी असेल, तुमचा बोनस ५० टक्क्यांवर असेल. ओरखडा सारखाच, उत्तर वेगळं.

नुकसान चाळीस-पन्नास हजारांचं असेल तर एवढा विचार करायची गरज नाही, क्लेम टाकावा. त्यासाठीच विमा आहे. मे-जूनच्या वादळात उभ्या गाडीवर झाड कोसळलं, गारांनी छत आणि बॉनेट ठेचलं, तर हे ओन डॅमेजमध्ये बसतं. संकोच करू नये. या वर्षी आधीच एक क्लेम झाला असेल तर बोनस गेलेलाच आहे. त्याच पॉलिसी-वर्षातल्या दुसऱ्या नुकसानीचा विचार करताना बोनस हिशेबात धरायचं कारण उरत नाही. एनसीबी प्रोटेक्टचं जादा संरक्षण घेतलेल्यांनी त्यात किती क्लेम माफ आहेत ते वाचावं.

‘वर्षभराचे ओरखडे एकदाच दाखवू’

हा सल्ला गॅरेजमध्येही मिळतो, आणि तो धोक्याचा आहे. दार एप्रिलमध्ये घासलं, बंपर ऑगस्टमध्ये फुटला, तर त्या दोन घटना आहेत. दोन क्लेम, दोनदा वजावट. दोन्ही एकाच अपघातात झाल्याचं लिहून देणं ही खोटी माहिती. नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला जुन्या खरवडीत धरलेला गंज, आतली धूळ, धडकेची दिशा लगेच कळते. एका ओरखड्यापायी अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो. बिल फुगवून ‘तुमची वजावट आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्यालाही नाही म्हणावं, कारण क्लेम फॉर्मवर सही तुमची असते.

तसंच दुसऱ्या कंपनीत जाताना मागचा क्लेम लपवून बोनस मागणं. प्रस्तावात तुम्ही बोनसबद्दल जे जाहीर करता ते खोटं निघालं, तर ओन डॅमेजचे सगळे लाभ जप्त होतात. हे उघडं पडतं ते बहुधा मोठ्या अपघातानंतर, जेव्हा खरी गरज असते.

‘चूक ट्रकवाल्याची, त्याच्या विम्यातून घेऊ’

रस्त्यात तासभर वाद होतात ते याच समजुतीवर. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून गाडीची भरपाई हवी असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. पाच-सहा हजारांच्या बंपरसाठी कोणी ते करत नाही. उरतात दोन मार्ग : त्याने जागेवर खर्च द्यावा, किंवा तुम्ही आपल्या पॉलिसीतून घ्यावा. आणि आपल्या पॉलिसीतून घेतला की चूक कोणाचीही असो, बोनस जातो. कायद्याने बरोबर असणं आणि बोनस वाचणं यांचा इथे संबंध नाही.

पण कोणाला लागलं असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. दुचाकीवरचा माणूस पडला, ‘काही नाही भाऊ, जातो मी’ म्हणाला, हातावर पाचशे ठेवले आणि निघालो, असं करू नका. मुका मार संध्याकाळी कळतो. जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. तिच्या लेखी संमतीशिवाय समोरच्याला पैसे देऊ नयेत किंवा चूक कबूल करू नये, ही पॉलिसीतलीच अट आहे. माणसाच्या इजेची भरपाई लाखांत जाते आणि ती पेलायला थर्ड पार्टी विमा असतो. बोनस मिळतो तो फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर, म्हणून बोनस जाईल या भीतीने गप्प बसायला इथे काहीच आधार नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट बोलायला हवी. खासगी कारची पॉलिसी भाड्याने प्रवासी नेण्याला किंवा माल वाहण्याला लागू नसते. चालतं ते घरचं सामान आणि मालाचे नमुने. मागची सीट पाडून केळीचे क्रेट भरले असताना धडक बसली, किंवा भुसावळ स्टेशनचं भाडं घेऊन जाताना गाडी ठोकली, तर ओन डॅमेजचा क्लेम तिथेच अडतो.

‘आधी दुरुस्त करून घेऊ, क्लेमचं नंतर बघू’

क्रम उलटा हवा. आधी जागेवरच फोटो : नुकसान, नंबर प्लेट, आजूबाजूची जागा. मग गॅरेजमधून अंदाजपत्रक, आणि तेही बंपर काढून आत बघायला लावून. वरून नुसता चेपलेला दिसणारा बंपर आत पट्टी वाकवून, सेन्सर तोडून बसलेला असतो. तीन हजारांचं वाटलेलं काम वीस हजारांचं निघालं तर निर्णयही बदलतो. हे एक-दोन दिवसांत उरकावं, कारण कंपनीला ताबडतोब कळवण्याची अट असते. खऱ्या कारणाने झालेल्या उशिरासाठी क्लेम यांत्रिकपणे नाकारू नका, असं विमा नियामकाने सप्टेंबर २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. पण गाडी दुरुस्त होऊन आली असेल तर सर्व्हेअर बघणार काय?

क्लेम नोंदवला, सर्व्हेअरने मिळणारा आकडा सांगितला आणि तो परवडत नाही असं दिसलं, तर पैसे घेण्याआधी क्लेम मागे घेता येतो. मात्र तोंडी सांगून थांबू नका. क्लेम मागे घेतला, रक्कम दिलेली नाही आणि बोनस कायम आहे, हे कंपनीकडून ईमेलवर मिळवा. नुसत्या चौकशीचा फोन करतानाही ‘अजून क्लेम नोंदवू नका’ असं स्पष्ट सांगावं.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणारा त्याचं प्रमाणपत्र घेऊन आपल्या नव्या कारला तीन वर्षांच्या आत लावू शकतो. घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर ओन डॅमेजचा क्लेम मिळत नाही. आणि पॉलिसी संपून ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर एकही क्लेम न घेता साठवलेला बोनस जातो. ओरखडे खिशातून भरून वाचवलेले ५० टक्के केवळ विसरण्याने गमावलेली माणसं प्रत्येक एजंटाने पाहिली असतील.

हिशेब करून क्लेम टाकला आणि कंपनीने रक्कम चुकीची कापली असं वाटलं, तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. जळगाव जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.